गव्हाणीवरचा लॅपटॉप

म्हशीच्या गव्हाणीवर लॅपटॉप ठेवून काम करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या वाडीच्या शाळेचे गुरुजी. एका बाजूने म्हैस वैरण खायची, दुसऱ्या बाजूने गुरुजी बोटं चालवायचे. मध्येच म्हैस मान झटकायची. मग गुरुजी लॅपटॉप दोन्ही हातांनी वर उचलायचे, तिची मान खाली जाईपर्यंत तसाच धरून उभे राहायचे आणि पुन्हा जागेवर ठेवायचे. तिला त्यांनी कधी हटकलं नाही. मी म्हणायचे, "गुरुजी, हाना की तिला एक चापट." तर म्हणायचे, "नको मावशी. जागा त्यांची आहे."

त्यांची म्हणजे म्हशीची.

गोठ्यात बसायचं कारण एवढंच की आमच्या वाडीत मोबाईलला रेंज त्याच कोपऱ्यात येते. का येते ते कुणाला माहीत नाही. वाडी डोंगराच्या सोंडेवर आहे, सोळा घरं, सगळी गुरं-शेरडं राखणारी माणसं. खाली ओढा आहे, ओढ्यापलीकडच्या चढावर खालचं गाव. तिथून पुढे वेल्ह्याला डांबरी रस्ता जातो.

गुरुजी सगळ्यांनाच अहोजाहो करायचे, पहिलीतल्या पोरालासुद्धा. "अहो गणेश, नाक पुसा." "अहो श्रावणी, पाटी कुठं विसरलात?" श्रावणी माझी नात, तेव्हा दुसरीत होती. एक दिवस घरी येऊन मला म्हणाली, "आजी, मला अहो म्हण. गुरुजी म्हणतात." मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. तेव्हापासून तिने ते मागितलं नाही. पण शाळेत ती पोरं एकमेकांशी फार निगुतीने वागायची हे खरं. भांडतानासुद्धा 'तुम्ही आधी मारलंत' असं भांडायची. ते चांगलं का वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ते किकवीचे. किकवी म्हणजे हायवेचं गाव, तिथे एसटीच्या मागे एसटी. सोमवारी सकाळी ते मोटारसायकलवर खालच्या गावापर्यंत यायचे, गाडी तिथे देवळापाशी लावून ओढा ओलांडून वर चढायचे. पावसाळ्यात ओढ्याचा भरवसा नाही, म्हणून सोमवार ते शनिवार आमच्या पडवीत मुक्काम. भाकरी आमच्याकडेच. पन्नाशीचा माणूस, पण हातातल्या घड्याळावर लहान पोराचा खेळण्यावर असतो तसा जीव. चहाला उकळी यायला किती वेळ लागला, म्हशीची धार किती मिनिटांत निघाली, सून पाण्याला गेली ती किती मिनिटांनी परतली, सगळं घड्याळात बघायचे आणि वहीत लिहायचे. सुनेला ते आवडायचं नाही. मला म्हणायची, "आत्या, ह्यांना कुनी इचारलंय?"

दुसरं वेड हत्याराचं. "आधी हत्यार ठरलं पाहिजे, मावशी. मग काम." हे दिवसातून दोनदा ऐकायला मिळायचं. एकदा मला मदत म्हणून गवत कापतो म्हणाले. तीन घरचे तीन विळे गोळा केले. तिन्ही विळ्यांनी थोडं थोडं कापून बघितलं, कोणत्या विळ्याने किती मुठी निघाल्या ते लिहिलं, मग विचार करत बसले. तोवर माझं बांधभर गवत कापून झालं होतं. भोरच्या बाजारात छत्री घ्यायला गेले, तर दुकानातल्या सगळ्या छत्र्या उघडून बघितल्या आणि एकही पटली नाही म्हणून भिजत परत आले. त्या पावसाळ्यात ते युरियाच्या गोणीची खोळ करून फिरले. मास्तर माणूस. पण लाज नाही.

हल्ली त्यांची बदली झाली आहे, उत्रोलीच्या बाजूला कुठे तरी. सपाटीची शाळा. तिथे रेंज कुठेही येत असेल.

मला सांगायचं आहे ते त्या पीपीटीचं.

आमच्या शाळेत सात पोरं. त्या वर्षी शाळा सुरू होऊन आठ दिवस झाले नाहीत तोवर तालुक्याहून पत्र आलं. कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत मिसळायच्या, दिवाळीनंतर आमची शाळा बंद, पोरांनी खालच्या गावच्या शाळेत जायचं. कुणाला काही म्हणायचं असेल तर श्रावणात वेल्ह्याला मीटिंग आहे, तिथे त्या शाळेच्या गुरुजींनी दहा मिनिटांत आपलं म्हणणं पीपीटीवर मांडायचं.

गुरुजींनी पत्र वाचून दाखवलं. सून म्हणाली, "पीपीटी म्हंजे?"

"पडद्यावर एकेक पान दाखवायचं आणि बोलायचं."

"मंग दाखवा की."

"दाखवायचं हो. पण कशात बनवायचं? आधी हत्यार ठरलं पाहिजे."

मी कपाळाला हात लावला. छत्री आठवली.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. आमची शाळा खालच्या शाळेच्या जवळ आहे हे सरकारला कुणी सांगितलं? मी सांगितलं. आदल्या माघात एक माणूस फॉर्म भरायला आला होता. मी गोवऱ्या थापत होते. त्याने विचारलं, "आजी, खालची शाळा किती लांब?" मी म्हटलं, "ही काय, हितं खालीच. हाकेवर हाये." तो म्हणाला, "हाकेवर म्हणजे?" मी म्हटलं, "हाक मारली तर ऐकू येती एवढी." त्याने काही तरी लिहिलं, चहा घेतला आणि गेला.

आम्ही सगळेच असं सांगतो. खालची माणसं आम्हाला रानातली म्हणतात. सोयरिकीला पाहुणे आले की वाडी लांब आहे म्हणून मुलगी द्यायला कचरतात. मग आम्ही म्हणतो, लांब कुठली, हाकेवर. माझ्या सासऱ्याने माझ्या बापाला हेच सांगितलं होतं, आणि लग्नाच्या दिवशी मी तो चढ शालू नेसून चढले होते. तेव्हा मी सासऱ्याला मनात काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. आणि चाळीस-पन्नास वर्षांनी मी स्वतः तेच बोलले. तोंडाला वळण पडलेलं असतं.

हे मी गुरुजींना सांगितलं नाही. सुनेलाही नाही. माझी नात त्या ओढ्यातून जाणार होती, ते माझ्या बोलण्यामुळे.

ओढ्याचं असं आहे की उन्हाळ्यात पोर अर्ध्या तासात खालच्या शाळेत पोचेल. पावसात ओढा भरला की थांबायचं. किती, ते ओढा ठरवतो. पूल आहे, पण लांब खाली. त्याच्यावरून फिरून जायचं तर दीड तास, लहान पोरांना त्याहून जास्त. आणि खालच्या शाळेची घंटा मात्र आमच्या अंगणात ऐकू येते.

गुरुजींनी पहिली पीपीटी केली ती लॅपटॉपमध्ये आधीपासून असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये. त्या सगळ्यांची इंग्रजी नावं ते मला सांगायचे, पण मी चौथी शिकलेली, माझ्या लक्षात ती राहिली नाहीत. मी आपली माझी नावं ठेवली. हे पहिलं 'घरचं'. मी धार काढत होते. गुरुजींनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "मावशी, तुम्हाला समजलं तर मीटिंगमधल्या साहेबांना समजेल." पान आलं, त्यावर आमची वाडी. बटण दाबलं, ओढा. बटण दाबलं, शाळा.

"समजलं का? समजलं असेल तर हात वर करा."

ही त्यांची शाळेतली सवय. मी दुधाचा हात वर केला.

"काय समजलं?"

"वाडी दिसली, वढा दिसला, शाळा दिसली."

"किती वेळात?"

"आता ह्यात कसला आलाय वेळ? तुमी बटन दाबलं, शाळा आली."

त्यांनी लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे वळवला. मग म्हणाले, "तेच तर. साहेबांना वाटेल पोरंसुद्धा अशीच पोचतात." त्यांनी ते सगळं पुसून टाकलं. मला तर ते बरं झालंय असं वाटलं होतं. माझं काय चुकलं ते मला समजलं नाही.

दुसरं 'फुकटचं'. ते इंटरनेटवर चालायचं. त्यात तयार फुलं, फुगे, पिवळ्या-जांभळ्या किनारी. आमच्या ओढ्याला फुलांची महिरप केलेली मी पहिल्यांदाच बघितली. सुनेला आवडलं. पण पाऊस आला की रेंज जायची आणि ओढा अर्धा दिसायचा. गुरुजी म्हणाले, "हे भरवशाचे नाहीत." ते सॉफ्टवेअरलाही अहोजाहो करायचे.

तिसरं 'झोके घेणारं'. त्यात पानं नव्हती, एकच मोठा कागद. आधी आभाळातून सगळा डोंगर दिसायचा, मग एकदम खाली झोका घेऊन आपण वाडीवर, मग वर, मग सुर्रकन शाळेवर. मला गरगरलं. मी म्हशीचं दावं धरलं.

"कसं वाटलं, मावशी?"

"ह्यात तर घारच शाळंला जाती."

त्यांनी वहीत काही तरी लिहिलं आणि तेही बाजूला टाकलं.

चौथं 'शहाणं'. त्याला नुसतं सांगायचं, ते आपोआप सगळं करतं. गुरुजींनी लिहून सांगितलं, सात मुलं पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेत जातात. थोडा वेळ एक गोल फिरत राहिला आणि चित्र आलं. सात गोरी गुबगुबीत पोरं, पाठीवर दप्तरं, मागे पिवळी बस, आणि ओढ्यावर दोन्ही बाजूंनी कठडे असलेला झकास पूल.

सून वाकून बघत होती. म्हणाली, "अगं बया! पूल झाला की! आत्या, इतकी वर्सं आमदाराच्या मागं कशाला लागलो आपन? गुरुजी, ह्यालाच सांगा, रस्ता बी कर म्हनावं."

आम्ही दोघी हसलो. गुरुजी हसले नाहीत. त्या पुलावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ह्यांना ओढा म्हणजे काय ते माहीत नाही. आणि माहीत नाही हेसुद्धा माहीत नाही."

असा दीड महिना गेला. मला रोज एक नवीन काही तरी बघावं लागायचं, हात वर करावा लागायचा, आणि समजलं म्हटलं तरी पुसायचे, नाही समजलं म्हटलं तरी पुसायचे. नेमकं काय हवंय ते त्यांनाच ठाऊक नाही, असं माझं मत झालं. रविवारी ते भोरला कॉम्प्युटर क्लासच्या मास्तरांकडे जाऊन आले. "ज्यात पटकन पुढे जाता येत नाही असं सॉफ्टवेअर आहे का?" असं विचारलं म्हणे. तो मास्तर हसला. म्हणाला, सगळे लवकर चालणारं मागायला येतात, हळू चालणारं मागणारे तुम्हीच पहिले.

मी सुनेला म्हटलं, शाळा गेली आपली. ह्या माणसाच्या हातून काही होत नाही.

एका सकाळी बघते तर गुरुजी सातही पोरांना घेऊन पायवाटेने ओढ्याकडे निघालेले. पोरं पुढे, हे मागे, हातात घड्याळ. मोठ्या दगडापाशी थांबले, लिहिलं. करवंदीच्या जाळीपाशी थांबले, लिहिलं. ओढ्यापर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असं सहा दिवस. श्रावणी मला म्हणाली, "आजी, गुरुजी म्हणाले, तुम्ही सावकाश चाललात तरी चालेल, फक्त रोजच्यासारखं चाला." ती रोजच मागे राहते. पायात काटा नसला तरी तिला असल्यासारखं वाटतं.

मग त्यांनी पुन्हा घरचं सॉफ्टवेअर उघडलं. पांढऱ्या पानावर एक वाकडीतिकडी रेघ, ती आमची पायवाट. मध्ये निळी रेघ, तो ओढा. पलीकडे लहानसं घर, ती शाळा. आणि रेघेवर सात रंगीत ठिपके. ते चालायला लागले. इतके हळू, की मला आधी ते हलतात हेच दिसलं नाही.

"हा हिरवा गणेश. हा निळा, तो लाल. आणि हा मागे पिवळा आहे ना, त्या आपल्या श्रावणी."

पिवळा ठिपका खरंच मागे होता. मोठ्या दगडापाशी तर तो थांबलासुद्धा. ती तिथे रोज थांबते, सरडा बघायला. मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले. धार अर्धी राहिली. ठिपक्यात बघण्यासारखं काय असतं ते मला सांगता येणार नाही.

सुनेला मात्र कंटाळा आला. तिने हात पुढे करून बटण दाबलं. सातही ठिपके टुणकन शाळेत.

गुरुजींनी डोकं धरलं. "बघितलंत? साहेब हेच करणार. मी म्हणतो म्हणून ते थांबतील का? ह्यासाठी हिंडतोय मी सगळीकडे. प्रत्येकात ते बटण आहे."

तेव्हा कुठे मला कळलं की दोन महिने ते काय शोधत होते. मला राग आला. आधी बोलायला काय झालं होतं? मी म्हटलं, "मंग त्या बटनाला मुसकं बांधता येत न्हाई व्हय? रेडकू भलत्या येळंला पिऊ ने म्हनून आमी त्याच्या तोंडाला बांधतो न्हवं? रेडकू बदलत न्हाई आमी."

गुरुजींनी लॅपटॉप जवळ ओढला. मग खाली वाकून त्या सॉफ्टवेअरमध्ये शोधायला लागले. म्हशीने दोनदा मान झटकली, दोनदा त्यांनी लॅपटॉप उचलला. मग ओरडले, "आहे! मावशी, मुसकं आहे!" घरच्यातच एक बारीकशी चौकट होती. तिथे खूण केली की बटण दाबलं तरी पान हलत नाही, ठरल्या वेळेनेच चालतं. पहिल्या दिवसापासून ते तिथे होतं.

मीटिंगच्या दिवशी गुरुजी, सून आणि मी पुलावरून फिरून वेल्ह्याला गेलो. लॅपटॉप युरियाच्या गोणीत. मी कशाला जात होते ते माझं मला माहीत नव्हतं. घरी बसवेना एवढंच.

मोठी खोली, पंखे, पुढे पडदा. साहेब मध्ये बसले होते, हातात मोबाईल. आमच्या आधी दोन शाळांचे गुरुजी झाले. एकाच्या पीपीटीत गाणं होतं आणि अक्षरं गिरक्या घेत यायची. दुसऱ्याने पडद्यावर जे लिहिलं होतं तेच वाचून दाखवलं. साहेब मध्ये मध्ये "पुढे घ्या, पुढे" म्हणायचे, की पुढचं पान. दोघांचंही पाच मिनिटांत उरकलं.

आमची पाळी आली. गुरुजींनी नमस्कार केला. "साहेब, आमची मुलं शाळेत निघाली आहेत," एवढं बोलले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

पडद्यावर सात ठिपके. दोन मिनिटं झाली.

साहेब म्हणाले, "पुढे घ्या, गुरुजी."

"पुढे जात नाही, साहेब."

ऑफिसचा कॉम्प्युटरवाला उठला, त्याने येऊन बटणं दाबली. ठिपके आपल्या चालीने चालले होते. मोठा दगड गेला. पिवळा तिथे थांबला. मागून कुणी तरी खुसखुसलं. सुनेने माझा हात धरला. मला वाटलं, ह्या माणसाने आपल्याला चारचौघांत हसं करायला इथवर आणलं.

ठिपके निळ्या रेघेपाशी पोचले आणि उभे राहिले. मग पिवळाही आला आणि उभा राहिला. आता पडद्यावर काहीच हलत नव्हतं.

"हँग झालं का?" साहेबांनी विचारलं.

"हँगच झालंय सर. बंद करून परत चालू करतो," कॉम्प्युटरवाला म्हणाला.

गुरुजींनी त्याचा हात धरला. "हँग नाही झालं. मुलं उभी आहेत."

"कशासाठी?"

"ओढ्याला पाणी आहे, साहेब. उतरायची वाट बघताहेत."

साहेबांनी मोबाईल टेबलावर ठेवला. सगळी खोली त्या सात ठिपक्यांकडे बघत बसली. मला पिवळ्याला म्हणावंसं वाटलं, अगं, मागं सर, काठावरची माती सुटती.

मग दहा मिनिटं संपली आणि पडदा पांढरा झाला.

"पोचली का?" साहेबांनी विचारलं.

"आपण दहा मिनिटं दिली होतीत, साहेब. तेवढ्यात ती इथवरच येतात."

साहेबांनी फाईल उघडली. पानं चाळली. "पण गुरुजी, पाहणीत लिहिलंय, खालची शाळा अर्ध्या किलोमीटरवर. आणि हे तुमच्याच वाडीतून सांगितलेलं आहे. कोणी सांगितलं?"

गुरुजींनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना माहीत नव्हतं. सुनेलाही माहीत नव्हतं. मी गप्प बसले असते तर कुणाला कधी कळलं नसतं. पण गप्प बसले असते तर तो अर्धा किलोमीटर तसाच राहिला असता.

मी हात वर केला. दोन महिने त्या गोठ्यात हात वर करून सवयच लागली होती.

"बोला, आजी."

"म्या सांगितलं. हाकेवर हाये म्हनून."

"मग खोटं सांगितलंत?"

"खोटं न्हाई, साहेब. हाक जाती. शाळंची घंटा बी ऐकू येती. पोरं तेवढी जात न्हाईत." मग बोललेच आहे तर सगळं बोलावं म्हणून मी सांगून टाकलं. "आमी सोयरिकीला बी असंच सांगतो. लांब म्हनलं तर पोरी कोन देनार? त्या मानसाला बी सवयीनं तसंच बोलले. चूक माजी हाये. पोरांची न्हाई."

साहेब हसले का काय केलं ते मला नीट दिसलं नाही. डोळ्यांपुढे सगळं फिरत होतं, त्या झोक्याच्या सॉफ्टवेअरसारखं. ते एवढंच म्हणाले, "मी येऊन बघतो."

सगळे साहेब तसंच म्हणतात.

परतीच्या वाटेला सून माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबरच होतं. गुरुजी पुढे चालत होते. मला वाटलं, आता पडवी सोडून जातील. पुलावर आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "मावशी, वाडीतून हाक मारली तर खालच्या शाळेत ऐकू यायला किती सेकंद लागत असतील?"

मी चालत राहिले.

आठच दिवसांनी साहेब खरंच आले. पाऊस लागला होता. पोरांनी आधी बघितलं. खालच्या शाळेच्या अंगणात जीप, दोन छत्र्या उतरल्या. आम्ही सगळी वाडी सोंडेच्या टोकाला जाऊन उभी राहिलो. छत्र्या उतरत उतरत ओढ्यापाशी आल्या आणि थांबल्या. एक छत्री थोडी खाली गेली, थोडी वर आली, पाऊल टाकून बघितलं असेल, मग मागे सरली. मग दोन्ही उभ्या राहिल्या. उभ्याच राहिल्या. गुरुजी गोणीची खोळ डोक्यावर घेऊन घड्याळाकडे बघत होते.

श्रावणी म्हणाली, "आजी, हँग झालं का?"

बऱ्याच वेळाने छत्र्या वळल्या आणि चढ चढून शाळेच्या अंगणात गेल्या. साहेबांनी छत्री दुसऱ्याच्या हातात दिली, दोन्ही हात तोंडापाशी धरले.

"आजीऽऽ!"

"ओऽऽ!"

"वर शाळा चालू आहे काऽऽ?"

"हायऽऽ!"

"चालू ठेवाऽऽ! कागद पाठवतोऽऽ!"

हाक पोचली. साहेब नाही पोचले. जीप निघून गेली. पोरं नाचायला लागली, सून श्रावणीला उचलून माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली. मी गुरुजींकडे वळले, तर ते नाहीत. गोठ्यात गेलेले. लॅपटॉप गव्हाणीवर उघडलेला, बाजूला वही. तोंड पडलेलं.

"अवो गुरुजी, ऱ्हायली की शाळा!"

"राहिली. पण मावशी, साहेब त्रेचाळीस मिनिटं उभे होते. मी मुलांना चारच मिनिटं उभं केलं होतं. साफ चुकलं. आता हे परत करायला हवं."

"कुनाला दाखवायला?"

"चुकीचं ठेवून कसं चालेल?" म्हणाले. "आणि एवढ्या वेळेला हे हत्यार पुरेल का, तेही बघावं लागेल."

हा माणूस शहाणा होता की काय होता, मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. म्हशीने मान झटकली. त्यांनी लॅपटॉप उचलून धरला. मी दावं सोडलं आणि म्हशीला ओढून दुसऱ्या खुंट्याला नेलं.

"राहू द्या, मावशी. जागा त्यांची आहे."

"बसा गुमान," मी म्हटलं.